क्लब वाढवायचाय? आधी सोडून गेलेल्यांची यादी काढा

सेवाभावी क्लबच्या बोर्ड मीटिंगमध्ये एक विषय हमखास असतो: मेंबरशिप. कुणीतरी म्हणतं, संख्या घटतेय. दुसरं कुणी म्हणतं, प्रत्येकाने एकेक मेंबर आणा. टाळ्या पडतात, महिन्याभरात काही नवे चेहरे येतात, पिना लागतात, फोटो निघतात आणि पुढच्या वर्षी त्यातला एखादाच उरतो. मग पुन्हा तोच विषय, त्याच टाळ्या.

अध्यक्ष दर वर्षी बदलतो. सेक्रेटरीचं रजिस्टर तेच राहतं, आणि ते रजिस्टर मी बरीच वर्षं सांभाळते आहे. त्यामुळे माझं मत रोखठोक झालंय. मेंबर मिळत नाहीत ही बहुतेक क्लबांची अडचण नाहीच. मिळालेले टिकत नाहीत, आणि टिकत नाहीत याचं कारण आल्यावर त्यांना करायला काही नसतं. रोटरी, लायन्स, किवानिस अशा जगभर पसरलेल्या संघटनांचा क्लब असो, की कुणाशीच न जोडलेलं तुमचं स्वतःचं मंडळ असो, दुखणं तेच.

सुरुवात रजिस्टरपासून

मागच्या पाचेक वर्षांत जे सोडून गेले त्यांची यादी करा. नावापुढे चार रकाने आखा: कधी आले, कधी गेले, कुणी आणलं आणि असताना कुठलं काम केलं. पहिले तीन पटापट भरतात. चौथ्यापाशी हात थांबतो. 'अमुक समितीचे सदस्य' हे काम नव्हे, 'कार्यक्रमाला हजर' हेही नव्हे. त्या माणसाने स्वतः केलेलं काहीतरी लिहायचंय. आमच्या यादीत वर्षाच्या आत गेलेल्यांपुढचा हा रकाना जवळजवळ कोराच निघाला.

मग फोन करा. अध्यक्षाने करू नये आणि ज्याने त्यांना आणलं त्यानेही करू नये, दोघांपुढेही माणूस संकोचतो. जिच्याशी फारसं देणंघेणं नाही पण जी गप्पिष्ट आहे अशा मेंबरला हे काम द्या. आणि 'का सोडलंत?' असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: वेळ मिळत नाही. ते उत्तर सभ्यपणाचं असतं, खरं नसतं. तोच माणूस शनिवारी सकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवत असतो, त्याला तिथे वेळ मिळतो. त्याऐवजी विचारा, 'शेवटच्या ज्या मीटिंगला आलात, त्या दिवशी काय काय झालं?' माणसं बोलायला लागतात.

अशाच एका फोनवर, व्यवसायाने हिशेब तपासनीस असलेल्या एका बाईंनी मला शांतपणे सांगितलं, 'वर्षभरात मला एकच काम मिळालं हो. फोटोत बॅनरचं डावं टोक धरायचं.' त्याच वर्षी आमचा खजिनदार पावत्यांची पिशवी घेऊन रात्र रात्र जागत होता. मीटिंगमध्ये दोघं एकाच टेबलाला बसायचे!

या फोनांतून जे कळेल ते लिहून ठेवा, पण बोर्डापुढे नावांसकट वाचू नका. फक्त वाक्यं वाचा. पाच-सात वाक्यं पुरतात.

आधी काम, मग पिन

नवा माणूस आधी पाहुणा म्हणून दोन-तीन मीटिंगांना येतो, मग अर्ज, मग इंडक्शन, म्हणजे पिन लावून रीतसर सदस्य करून घेणं, आणि कामाचं नंतर कधीतरी बघू, असा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. तो उलटा करा. मीटिंगच्या आधी त्याला प्रकल्पावर बोलवा. काम बघून आला तर तो आलाच, आणि नाही आवडलं तर पिन, प्रमाणपत्र, सगळ्यांचाच वेळ वाचला.

काम कसं असावं, याच्या माझ्या तीन कसोट्या आहेत. त्याला शेवट हवा, म्हणजे 'जनसंपर्क बघा' नको, 'या तीस जणांना महिनाअखेरपर्यंत फोन करा' हवं. ते त्या एकट्याचं हवं. आणि झालं नाही तर लक्षात यायला हवं. तिसरी कसोटी लोकांना कठोर वाटते, पण जे न केल्याने कुणाचंच काही अडत नाही असं काम माणसाला बरोबर कळतं, आणि तो हळूच निघून जातो.

उदाहरण नेत्रतपासणी शिबिराचं घेऊ. दृष्टीचं काम लायन्सनी अंगावर घेतलं ते हेलन केलर यांच्या आवाहनानंतर. 1925 मध्ये ओहायोतल्या सीडर पॉइंट इथल्या अधिवेशनात त्यांनी लायन्सना अंधांचे शूर शिलेदार व्हा असं सांगितलं, आणि शंभर वर्षं होऊन गेली तरी ते काम चालू आहे. आता आपल्या शिबिराचा अहवाल काढून बघा. 'एवढ्या जणांची तपासणी झाली.' पुढे? ज्यांना शस्त्रक्रिया सांगितली होती त्यांतले किती जण खरंच रुग्णालयात पोचले? चष्म्याचा नंबर काढून दिला, चष्मा केला का? हा आकडा बहुतेक क्लबांकडे नसतो, कारण शिबिराच्या दिवशी संध्याकाळी सतरंज्या गुंडाळल्या की काम संपलं असं सगळे धरून चालतात.

हीच जागा नव्या मेंबरची. पुढे तपासायला सांगितलेल्यांची यादी त्याच्या हातात द्या. दोन आठवड्यांनी पहिला फोन, दीड महिन्याने दुसरा. एका वहीत तीन खुणा: गेले, जायचेत, जाणार नाहीत. 'जाणार नाहीत'पुढे कारण. सोबत कुणी नाही, भीती वाटते, एका दिवसाचा रोजगार बुडतो, अशी कारणं येतात. त्यातल्या निम्म्या गोष्टी क्लबला सोडवता येण्यासारख्या असतात. गाडी आणि सोबत लागते, एवढंच. आणि नव्या माणसाला पहिल्या दोन महिन्यांतच कळतं की आपण फोन केला म्हणून एका आजींची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याला टिकवण्यासाठी तुम्हाला फेलोशिप नाइट घ्यावी लागत नाही.

शिवाय शिबिराचा खरा हिशेबही हातात येतो, हा वरचा फायदा.

घड्याळ लावून एक मीटिंग बघा

पुढच्या नेहमीच्या मीटिंगला कुणालाही न सांगता प्रत्येक भागाची वेळ टिपा. पाहुण्यांची ओळख, ओळख करून देणाऱ्याची ओळख, सेक्रेटरीच्या घोषणा (यात मीही आले), वाढदिवस, दंड, मग वक्ता, मग आभार. दीड तासाच्या मीटिंगमध्ये वक्त्याच्या वाट्याला वीस मिनिटं आणि प्रश्नांना शून्य, असं निघालं तर नवल नाही. प्रकल्पावर किती मिनिटं बोललात ते वेगळ्या रंगाने लिहा.

'पण नियम आहे ना!' असं कुणीतरी म्हणेल. म्हणून आधी आपली घटना आणि उपनियम शेवटपर्यंत वाचा. नियम म्हणून जे सांगितलं जातं त्यात बराच भाग सवयीचा असतो. रोटरीत एके काळी दर आठवड्याची सभा सक्तीची होती आणि लागोपाठ चार सभा चुकल्या तर सदस्यत्व जाऊ शकत असे. 2016 च्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनने, म्हणजे रोटरीचे नियम ठरवणाऱ्या सभेने, क्लबांना सभेची पद्धत, हजेरी, सदस्यत्वाचे प्रकार यांत मोठी मोकळीक दिली. महिन्यातून निदान दोनदा भेटा, एवढं ठेवलं. तरीही कित्येक क्लब आजही 2016 च्या आधीच्या नियमाच्या धाकाखाली मीटिंग घेतात. लायन्समधला टेल ट्विस्टर म्हणजे गंमतीने दंड वसूल करणारा पदाधिकारी. जुन्यांना त्यात मजा येते. नव्याला मात्र कळत नाही की आपण हसायचं की खिशात हात घालायचा. ठेवायचं तर ठेवा, पण दोन मिनिटांत आटपा.

माझं सुचवणं असं: महिन्यात एक मीटिंग नेहमीच्या जागी, दुसरी कामाच्या जागी. दुसरीला भाषण नाही, हजेरी कामाचीच. ऑनलाइन जोडायचं असेल तर खोलीतल्या एका माणसाकडे पडद्यावरच्या माणसांची जबाबदारी द्या. त्यांचा आवाज येतोय का, त्यांचा प्रश्न घेतला गेला का, हे त्यानेच बघायचं. नाहीतर ऑनलाइन आलेले लोक तासभर छताचा पंखा बघून निघून जातात.

बदल कायमचा म्हणून मांडू नका. तीन महिने करून बघू आणि अमुक तारखेला मत घेऊ, असं मांडा. कायमच्या बदलाला विरोध करणारे प्रयोगाला हो म्हणतात.

इथे एक गोष्ट अडते. तीस-चाळीस वर्षं न चुकता येणाऱ्या ज्येष्ठ मेंबरांसाठी आठवड्याची ती संध्याकाळ म्हणजे घराबाहेर पडायचं कारण असतं. तिला हात लावलात तर ते दुखावतील, आणि त्यांचं चूक नाही. मीटिंग कमी करा, पण त्यांचं टेबल काढू नका. ज्यांना भेटायचं त्यांनी त्याच वारी, त्याच जागी भेटावं. अजेंडा नाही, हजेरी नाही. आमच्याकडे त्या टेबलावरच जुन्या प्रकल्पांची माहिती मिळते, अधिकृत फाइलींत नसलेली.

प्रकल्प शोधताना काय विचारायचं

शाळेत जाऊन 'तुम्हाला काय हवंय?' विचारलं की वस्तूंची यादी मिळते. कॉम्प्युटर, बाकं, पाण्याची टाकी. देणं सोपं, फोटो चांगला, आणि वर्षभराने तो कॉम्प्युटर कपाटात. त्याऐवजी विचारा, 'तुमचं कोणतं काम दर महिन्याला अडतं?' मुख्याध्यापिकेला विचारा, दवाखान्यातल्या परिचारिकेला विचारा, कचरा उचलणाऱ्याला विचारा, वाचनालयाच्या खिडकीवर बसणाऱ्याला विचारा. उत्तरं फार साधी येतात आणि देणगीचा चेक लिहून सुटत नाहीत. कुणाला दर बुधवारी दोन तास फॉर्म भरून देणारा माणूस हवा असतो.

एक साधी गोष्ट नीट बघितली तर काय होतं, याचा दाखला 1930 चा आहे. अमेरिकेतल्या पिओरिया गावात एका लायन मेंबरने एक अंध माणूस रस्ता ओलांडताना पाहिला. हातात काळी काठी, काळ्या डांबरी रस्त्यावर गाडीवाल्यांना ती दिसेना. क्लबने काठ्यांना पांढरा रंग दिला, खाली लाल पट्टा. वर्ष संपायच्या आत त्या शहराने पांढरी काठी धरणाऱ्याला रस्त्यावर प्राधान्य देणारा नियमही केला. रंगाचा डबा आणि नगरपालिकेकडे केलेला पाठपुरावा, एवढाच खर्च. शिकागोच्या पहिल्या रोटरी क्लबने, जो 1905 मध्ये पॉल हॅरिस यांनी सुरू केला, 1907 मध्ये पहिलं मोठं सार्वजनिक काम हाती घेतलं ते सार्वजनिक स्वच्छतागृहाचं. त्याच्या उद्घाटनाचा फोटो कुणी दिवाणखान्यात लावला असेल असं वाटत नाही.

नव्याला जागा करायची तर जुनं काहीतरी बंद करावं लागेल. प्रत्येक वार्षिक प्रकल्पाला एक प्रश्न लावा: हा यंदा केलाच नाही, तर आपल्याला फोन करून विचारेल कोण? लाभार्थी विचारणार असतील तर ठेवा. फक्त मागचे अध्यक्षच विचारणार असतील तर सन्मानाने बंद करा. त्यांना आधी घरी जाऊन सांगा, मीटिंगमध्ये नको.

एका वर्षाचा अध्यक्ष

रोटरी-लायन्समध्ये नवं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. नव्या अध्यक्षाला आपला ठसा उमटवायचा असतो, म्हणून नवा प्रकल्प, नवं बोधचिन्ह, नवा बॅनर. मागच्याने लावलेल्या झाडांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न कुणाच्याच वर्षात बसत नाही. क्लब गावात निरुपयोगी वाटायला लागतो त्याचं मोठं कारण हे आहे, असं मला वाटतं. लोकांना क्लबचं नाव माहीत असतं, पण क्लब काय करतो ते सांगता येत नाही, कारण तो दर वर्षी वेगळंच काहीतरी करतो.

पोलिओचं काम आठवा. रोटरीने 1979 मध्ये फिलिपीन्समध्ये लसीकरणापासून सुरुवात केली, 1985 मध्ये पोलिओप्लस हा रोटरीचा पोलिओविरोधी कार्यक्रम जाहीर झाला, 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि इतरांबरोबर जागतिक मोहीम उभी राहिली. त्या वर्षी 125 देशांत अंदाजे 3,50,000 मुलांना पोलिओने गाठलं होतं. आज हा रोग जवळजवळ संपलाय, पण पूर्ण नाही, म्हणून काम चालूच आहे. इतक्या वर्षांत किती अध्यक्ष आले आणि गेले! काम मात्र बदललं नाही.

क्लबच्या पातळीवर यासाठी कागद एकच लागतो. क्लबचा मुख्य प्रकल्प निदान तीन वर्षांचा ठरवा आणि ठरावावर आताचा अध्यक्ष, पुढचा अध्यक्ष आणि त्याच्या पुढचा, अशा तिघांच्या सह्या घ्या. अंदाजपत्रकातला ठरलेला हिस्सा त्यालाच. उरलेल्यात प्रत्येकाने आपली हौस भागवावी, कुणाची ना नाही.

दार कुणासाठी उघडायचं

सदस्य घटल्यावर काय करता येतं, याचा धडा कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते इथल्या रोटरी क्लबने दिला. संख्या कमी होत चालली म्हणून त्यांनी 1977 मध्ये तीन महिलांना सदस्य करून घेतलं. तेव्हा रोटरीत महिलांना प्रवेश नव्हता, म्हणून रोटरीने क्लबची सनदच, म्हणजे मान्यताच, काढून घेतली. क्लब बंद पडला नाही. 'एक्स-रोटरी' असं म्हणवून घेत भेटत राहिला आणि न्यायालयात गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 मे 1987 रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी लायन्स आणि किवानिसनेही महिलांना प्रवेश दिला, आणि 1989 मध्ये रोटरीने जगभर. दुआर्तेच्या अध्यक्ष 1987 मध्ये सिल्व्हिया व्हिटलॉक झाल्या. रोटरी इंटरनॅशनलच्या पहिल्या महिला अध्यक्ष जेनिफर जोन्स मात्र 2022 मध्ये आल्या. दार उघडणं आणि खुर्ची देणं यात एवढं अंतर पडू शकतं, हे आपल्या क्लबची पदाधिकाऱ्यांची पाटी बघतानाही लक्षात ठेवा.

आज बाहेर उभे आहेत ते तरुण, शिफ्टमध्ये काम करणारे, लहान मुलांचे आईबाप, गावात नुकतेच आलेले लोक. त्यांच्यासाठी वेगळी रचना करायला परवानगी आहेच. रोटरीत आठ जणांत सॅटेलाइट क्लब काढता येतो, म्हणजे तुमच्याच क्लबचा भाग पण भेटीची वेळ आणि जागा वेगळी. लायन्समध्ये शाखा काढण्याची अशीच सोय आहे. सकाळी लवकर भेटणारा गट, महिन्यातून एक रविवार काम करणारा गट, जे जमेल ते.

रोटरॅक्टबद्दल थोडं. 1968 पासून चालत आलेल्या या तरुणांच्या क्लबांची तीस वर्षांची वयोमर्यादा 1 जुलै 2020 पासून उठली, आणि रोटरॅक्ट आता रोटरीचाच एक सदस्यप्रकार आहे. तरी बऱ्याच ठिकाणी त्यांना बोलावणं येतं ते खुर्च्या लावायला. एका रोटरॅक्टरला, किंवा तुमच्याकडे जो तरुण गट असेल त्यातल्या एकाला, बोर्डावर मताधिकारासह बसवा. पहिल्या दोन मीटिंगांत तो गप्प बसेल. तिसऱ्या मीटिंगला विचारेल, 'ही माहिती आपण कागदावर का लिहितोय?' आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नसेल.

पैसे आणि प्रसिद्धी

वर्गणीची फोड छापून द्या: वरच्या संस्थेला किती, जेवणाला किती, प्रशासनाला किती. जेवण ऐच्छिक करा, वर्गणी हप्त्यांत घ्या. लोकांकडून सेवेसाठी गोळा केलेला पैसा आणि क्लब चालवायचा पैसा, दोन वेगळी खाती, आणि दोन्हींचा हिशेब कुणालाही बघता येईल असा. यावर जास्त बोलायची गरज नाही.

प्रसिद्धीत एकच गोष्ट करा. पुढचं काम कुठे, कुठल्या वारी, किती तास आणि 'सभासद नसलात तरी या', एवढं दर महिन्याला लावा, खाली चालू असलेला फोन नंबर. मागच्या सेक्रेटरीचा नंबर पाच वर्षं पानावर राहिलेले क्लब मी पाहिलेत. मोठ्या चेकचा फोटो लावायचा तर लावा, पण सहा महिन्यांनी त्या पैशाचं काय झालं तेही तिथेच लावा.

संख्या फारच कमी झाली असेल तर

दहाच्या खाली आलेल्या क्लबने आधी समित्या बरखास्त कराव्यात. सगळ्या पदांवर त्याच त्या चार माणसांची नावं लिहिण्यात अर्थ नाही. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि एक प्रकल्प. मीटिंग हवी तर त्या प्रकल्पाच्याच जागी. वर्षभर हे करून बघा.

तरी जमलं नाही तर शेजारच्या क्लबमध्ये विलीन व्हा. यात कमीपणा नाही, पण ते नीट करा. दोन्ही बोर्डांनी आधी एक प्रकल्प एकत्र करावा, स्वभाव कळतात. वरच्या संस्थेची परवानगी लेखी घ्या. सेवेच्या खात्यात उरलेला पैसा ज्या कामासाठी गोळा केला होता त्याच कामाला जाईल असा ठराव करा आणि देणगीदारांना कळवा. चालू प्रकल्पातल्या लोकांना नव्या माणसाचं नाव आणि नंबर आधी द्या, मग खातं बंद करा. आणि रजिस्टर टाकून देऊ नका, त्यातल्या चौथ्या रकान्यासकट नव्या सेक्रेटरीकडे द्या.